डब्यातला खाऊ आणि कॅरमवरचे दिवे

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, धामणगाव बढ्यात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. याचा तोटा असा की रुसून माहेरी निघावं तर राग चढायच्या आत दार येतं. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो, त्यामुळे माहेर थोडं लांब असतं तर बरं झालं असतं. फायदा असा की आई रोज दिसते. मोताळ्याला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मिक्सर, इन्व्हर्टर, टीव्ही आणि कपाशीच्या हंगामात बॅटरीवरचे फवारणी पंप. संध्याकाळी बसमधून उतरले की आधी आईकडे चहा, मग घर, हा क्रम लग्नापासून मोडलेला नाही. नवऱ्याने याबद्दल कधी तक्रार केली नाही. मी चहा पिऊन येते तेव्हा माणसात असते, असं त्याचं मत आहे.

ज्यांना भुलाबाई ठाऊक नाही त्यांना थोडं सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे घरोघरी भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, सोबत गणपती. तिथून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली आणि बाया या घरून त्या घरी जातात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ. पण तो खाऊ सुखासुखी हातात पडत नाही. घरची बाई झाकण लावलेला डबा आणून मध्ये ठेवते आणि म्हणते, ओळखा. मग डबा हातोहात फिरतो. प्रत्येकीने हलवायचा, कानाशी धरायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. फुटाणे खडखडतात, मुरमुरे सळसळतात, लाडू गडगडत जाऊन थांबतो. घरची बाईही काही साधी नसते. ती लाडू कागदात गुंडाळते, चिवड्यात मुद्दाम एक सुपारी टाकते. कोणालाच आलं नाही तर तिची मान वर, आलं तर ओळखणारीची.

माझी आई या खेळात सगळ्यांची उस्ताद. इतर जणी डबा पाच-पाच वेळा घुसळायच्या, ही एकदा हलवायची आणि डोळे मिटून सांगायची, "शेंगदाने. भाजेल. अन् मीठ कमी टाकलं." मिठाचं तिला आवाजावरून कळायचं नाही, घरच्या बाईचा हात ठाऊक असायचा. पण लहानपणी मला वाटायचं की आईच्या कानाला चवसुद्धा कळते. आमच्या गल्लीत नवी सून आली की तिला पहिल्या भुलाबाईला सासू सांगून ठेवायची, आमचा डबा त्या बाईच्या हातात शेवटी दे.

एकच बाई तिला पुरून उरायची. माहेरच्या भिंतीला भिंत लागून राहणारी काकू. नात्याने काही नाही, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या, बस. तेव्हापासून त्यांचं भांडण आणि त्यांची मैत्री एकाच चुलीवर शिजते. काकू खाऊ लपवण्यात पटाईत आणि आई ओळखण्यात. एकदा काकूने शिरा केला होता. आईने डबा हलवला आणि भर अंगणात जाहीर केलं, "शिरा आहे. गोये वाजून राह्यले." सगळ्या बाया इतक्या हसल्या की काकूने त्या दिवसापासून भुलाबाईला शिरा करणंच सोडलं. आई मात्र दरवर्षी आठवण करून द्यायची. काकूच्या गोळ्यांवर तिने आयुष्यभराची करमणूक केली.

मग हळूहळू आईचे कान गेले. आधी फोनवरचं बोलणं गेलं, मग मागून मारलेली हाक, मग समोर बसलेल्या माणसाचं अर्धं वाक्य. बुलढाण्याला नेऊन कानाचं यंत्र करून आणलं. ते तिने काही दिवस लावलं आणि मेथीदाण्याच्या डबीत ठेवून दिलं. म्हणाली, "कानात चक्की चालू झाल्यावानी वाटते. भांडे, कुत्रे, तुहं बोलनं, सारं एकाच पिठात." मी चिडले. मी चिडले की मोठ्याने बोलते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आईला माझं चिडणं नीट ऐकू आलं, त्यामुळे ती हसायला लागली. यंत्र मात्र डबीतच राहिलं.

आणि मग ती संध्याकाळ आली. गेल्या वर्षी भुलाबाईच्या पहिल्याच आठवड्यात आईकडेच गल्ली जमली होती. दुसऱ्या घरचा एक डबाही आला होता, तो सवयीप्रमाणे आईच्या हातात गेला. आईने एकदा हलवला, कानाशी धरला. परत हलवला. सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. आई म्हणाली, "मुरमुरे." आत खारका होत्या. खारका म्हणजे डब्यात दगड टाकल्यासारख्या वाजतात. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण पोरी खळखळून हसल्या, आणि त्या का हसतात ते न कळून आईसुद्धा हसली. मग तिने झाकण उघडून आत पाहिलं. तिचा चेहरा माझ्यासमोर उतरला. दुसऱ्या दिवसापासून तिचे गुडघे दुखायला लागले, आणि भुलाबाई संपेपर्यंत दुखतच राहिले. काकू रोज दारात येऊन हात धरून ओढायची, आई रोज गुडघा दाखवायची. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईशिवाय गल्लीतला डबा उघडायचा नाही, ती संध्याकाळी दार लोटून आत बसत होती.

आता दिव्यांकडे येते. दिव्यांचा मला जुना नाद आहे. हल्ली एलईडीची अशी पट्टी मिळते की तिच्यातला प्रत्येक दिवा वेगळा ऐकतो. एका बोटाएवढ्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम टाकायचा आणि सांगायचं, तू लाल हो, तू निळा हो, तू गप बस, आणि शेकडो दिवे निमूटपणे ऐकतात. आमच्या घरात माझं निमूटपणे ऐकणारं दुसरं कोणी नसल्यामुळे मला त्यांचं विशेष प्रेम. उन्हाळ्यात मी दुकानाच्या पाटीसाठी म्हणून अशा पट्ट्या मागवल्या होत्या. अक्षरं सरकत जाणारी पाटी करायची, मोताळ्याच्या रस्त्यावर कोणाची नाही अशी, असा बेत होता.

एका रविवारी दुपारी मी आईकडे बसले होते. मुगाची डाळ किती उरली ते पाहायला तिने फळीवरचा डबा काढला, हलवला आणि सवयीने कानाशी नेला. क्षणभर तशीच उभी राहिली. मग डबा खाली घेतला, झाकण उघडलं आणि आत पाहिलं. मला पाठमोरी होती ती. दुकानाची पाटी त्याच क्षणी रद्द झाली. कानाने जे येत नाही ते डोळ्याने येईल का, एवढंच डोक्यात बसलं. आवाज जाड की बारीक हे मशीनला कळतं. जाड आवाजाचे दिवे डावीकडे, बारीक आवाजाचे उजवीकडे, आणि जितका जोर तितके दिवे खालून वर पेटवायचे. मग फुटाण्यांचं एक चित्र होईल, मुरमुऱ्यांचं दुसरं. आईला फक्त ती चित्रं ओळखता आली पाहिजेत.

चौकट म्हणून आमचा जुना कॅरम घेतला. एक कोपरा उंदराने खाल्ल्यामुळे त्यावर खेळणं बंदच होतं. पट्ट्या कापून एकाशेजारी एक उभ्या चिकटवल्या आणि एकीचं टोक दुसरीला जोडत गेले. हे जोडणं मी अगदी आपल्या नांगराच्या रीतीने केलं. वर जायचं, बांधाशी वळायचं, खाली यायचं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला रिकामा चौकोन दिसला की हात दुसऱ्या रीतीने चालतच नाही. फक्त मी कुठे वळले ते प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं. तो बिचारा प्रत्येक रांग खालूनच सुरू होते असं समजून बसला. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा एक रांग जमिनीतून उगवत होती आणि शेजारची छतातून लोंबत होती.

नवरा चहाचा कप घेऊन पाहत होता. म्हणाला, "एक उभा, एक उलटा. वटवाघुयं पायले काय तुनं?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅम दुरुस्त झाला आणि दाखवायला दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून बोलावं लागलं.

पुढची अडचण आवाजाची. मी लावलेला छोटा माइक सगळ्याच गोष्टी ऐकायचा. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की अख्खा कॅरम डावीकडून भडकायचा. देवळातला भोंगा, कुकरची शिट्टी, शेजारणीचं पोरांवर ओरडणं, सगळ्यांना बोर्डावर जागा. त्यात डब्यातल्या फुटाण्यांचं कोण ऐकतं? म्हणजे माझ्या मशीनचंही आईच्या यंत्रासारखंच झालं होतं, सारं एकाच पिठात. हे लक्षात आल्यावर मला त्या मेथीदाण्याच्या डबीचा राग येणं थांबलं. मग दुकानात एका मोडक्या गजराच्या घड्याळातली पितळी चकती सापडली. वीज दिली की ती वाजते, आणि उलट तिला हादरा बसला की तीच थोडीशी वीज देते. ती हवेतलं ऐकत नाही, जिला चिकटवाल त्या वस्तूचंच ऐकते. केसांच्या रबराने चकती डब्याच्या बुडाला बांधली, डबा हलवला, आणि बाहेर ट्रॅक्टर जात असतानाही बोर्डावर फक्त डब्याचे दिवे नाचले. मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. पंप घ्यायला आलेला माणूस दारातूनच म्हणाला, "झाला काय दुरुस्त?" त्याचा पंप मी अजून उघडलाही नव्हता.

दिवे उघडे असले की डोळ्यांत टोचतात. त्यांच्यावर ताणायला आईनेच बाबांचं जुनं धोतर दिलं, कशासाठी ते न विचारता. बाबा गेल्यापासून ते ट्रंकेत घडी होऊन पडलं होतं. त्या पांढऱ्या कापडामागे प्रत्येक दिव्याचा असा मऊ ठिपका व्हायला लागला की मी स्वतःच पाहत बसले.

श्रावणात एका दुपारी मी तो बोर्ड आईसमोर ठेवला. तिला वाटलं नवा टीव्ही. मी डब्यात फुटाणे टाकून हलवले, रंग उसळले, आणि मी मोठ्या अभिमानाने तिच्या कानात ओरडून सांगितलं की आता तू पुन्हा भुलाबाईला बसायचं.

आईने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्या बहिरेपनाची जत्रा भरवतं काय?" ती म्हणाली आणि उठून गेली.

मी बोर्ड तिथेच टाकून तरातरा घरी आले. दोन गल्ल्या म्हणजे अंतर किती, राग तसाच उकळत होता. एवढं केलं ते कोणासाठी, वगैरे सगळं मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तुही आईच आहे ना ते? तुले कोनी नवी वस्तू देली त तू पहिल्या दिवशी कव्हा खुश झाली?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरून गेले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, बोर्ड समोर भिंतीला टेकवलेला, आणि भोवती फळीवरचे सगळे डबे. माझी वहिनी दारात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. आईने मला पाहिलं आणि जणू काही झालंच नव्हतं अशा आवाजात म्हणाली, "तुरीच्या दायीचं अन् हरबऱ्याच्या दायीचं एकसारखंच दिसते. हे बरोबर नाही. नीट कर."

मी नीट केलं. रांगा अधिक बारकाईने वाटल्या, रंग बदलले. मग आमची शाळा सुरू झाली. मी डबा भरून आणायची, झाकण लावायची, चकती बांधून आईकडे द्यायची. ती हलवायची आणि बोर्ड पाहायची. फुटाणे मधे हिरवे उसळायचे आणि लगेच खाली पडायचे. मुरमुरे उजवीकडे बारीक पिवळी झालर लावायचे. लाडू डावीकडे एकच निळा ढेपाळलेला डोंगर करून थांबायचा. चकलीचे तुकडे आणि शेव यांत ती फार दिवस अडकत होती, मग एक दिवस म्हणाली, "चकली अडखयते. शेव नाही अडखयत." मला अजूनही तो फरक बोर्डावर दिसत नाही. मी केलेल्या वस्तूतलं मला न दिसणारं आई पाहते याचा मला एकाच वेळी आनंद व्हायचा आणि थोडी जळजळही.

मग ती सुटलीच. नारळात पाणी किती, चकती बांधून पाहिलं. शेजारून आलेला लाल भोपळा पिकला का, वाजवून पाहिलं. दुपारी झोपलेल्या माझ्या भावाच्या खाटेच्या पायाला चकती बांधली आणि त्याचं घोरणं अख्ख्या घराला दाखवलं. निळं, सगळं डावीकडे, आणि मध्येच एक लाल तुरा. आई इतकी हसली की भाऊ जागा झाला. घरात असं हसणं किती दिवसांनी झालं होतं. संध्याकाळी काकूने भिंतीवरून विचारलं, "नवा टीव्ही आनला काय व? मस्त झगमग झगमग होऊन राह्यलं." आईला ऐकू आलं नाही, मी काकूचं विचारणं तिच्या कानात सांगितलं, तेव्हा तिने मान हलवून "हाव" म्हटलं. मग मला हळूच दटावलं, "कोनाले सांगू नोको. पहिले मले जमू दे."

भुलाबाई बसली. आई जाईना. रोज म्हणायची, उद्या. तिला भीती वाटत होती, आणि मलाही. पुन्हा एकदा खारकांचे मुरमुरे झाले असते तर ती परत कधीच त्या अंगणात बसली नसती, हे मला चांगलं माहीत होतं. शेवटी कोजागिरीचा दिवस आला. त्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मखर करून भुलाबाई मध्ये बसवतात आणि प्रत्येक घरचा डबा येतो. यंदा जागरण काकूच्या अंगणात होतं. सकाळीच ती दारात येऊन आईच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "आज तुले या लागते. गुडघा घरी ठेवून ये."

आई म्हणाली, "पाहतो."

दिवेलागणीला तिने स्वतःच नवं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "उचल तुहा कॅरम."

नवरा वायर आणि हत्यारांची पिशवी घेऊन पुढे, मी बोर्ड घेऊन मागे, आणि आई मधे, लग्नाच्या वरातीसारखे आम्ही काकूच्या अंगणात शिरलो. मखराशेजारी बोर्ड टेकवला, काकूच्या ओसरीवरून वीज घेतली. दिवे लागताच पोरींचा गलका झाला. मी काय आहे ते समजावून सांगितलं. एक चुणचुणीत पोरगी लगेच म्हणाली, "पन आजी त पाहून ओयखीन. आमी ऐकून ओयखतो. हे चालते काय?" सगळ्यांनी काकूकडे पाहिलं, अंगण तिचं होतं. काकू बोर्डाकडे पाहत होती, मग आईकडे. म्हणाली, "डबा उघडून त पाहून नाही राह्यली ना? मंग खेयू द्या तिले."

गाणी झाली. आई टिपऱ्या घेऊन बसली होती, पण वाजवत नव्हती. मग डबे सुरू झाले. पहिला डबा आला, मी चकती बांधली, तिने हलवला. मधे हिरवं उसळलं. "फुटाने," आई म्हणाली. झाकण उघडलं. फुटाणे! पोरी ओरडल्या. दुसरा डबा. आई पुढे वाकली. "शेव. नाही नाही, थांबा. चकली. तुटेल." चकली! आता अख्खं अंगण बोर्डाकडे सरकलं. तिसऱ्यात कोणीतरी चिवड्यात सुपारी टाकली होती. आईने ती निळी टिकली पाहिली आणि म्हणाली, "चिवडा. अन् आपली सुपारी काढून घ्या बाई, पोरीचा दात पडीन." तिचा आवाज पूर्वीसारखा भरला होता. मला रडू येत होतं आणि मी वायर तपासायचं निमित्त करून खाली वाकले.

शेवटी यजमानीण म्हणून काकूचा डबा. मोठा, पितळी, घासून लखलखीत. आईने दोन्ही हातांत घेतला, जड होता. चकती बांधली. आईने हलवला.

बोर्डावर काहीच नाही.

तिने पुन्हा हलवला, जोरात. काळं. खालच्या कोपऱ्यात एक निळा ठिपका मिणमिणला आणि विझला. झालं, शेवटच्या डब्याला दगा दिला! मी उठले, बोर्ड फिरवला, मागच्या वायरी ओढून पाहिल्या. नवऱ्याला म्हणाले, "वायरवर पाय देला काय तुमी?" तो दोन हात लांब उभा होता. चकतीवर टिचकी मारली तर बोर्ड व्यवस्थित पेटला. पुन्हा डबा हलवला तर पुन्हा काळोख. एक पोरगी म्हणाली, "रिकामाच आहे डबा." काकू म्हणाली, "रिकामा नाही व. जड आहे." दोन-तीन जणींनी डबा कानाशी धरून पाहिला आणि माना हलवल्या. कोणालाच काही येईना. मी पाना शोधायला पिशवी उलटी केली.

आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस. बंद नाही पडलं ते," ती म्हणाली. "खाऊच गप बसला आहे. दिवे बरोबर सांगून राह्यले."

मी बनवलेल्या बोर्डावर माझा विश्वास नव्हता, तिचा होता. तिने डबा सावकाश तिरपा केला, बोर्ड पाहत. मग बोटाच्या पेराने बुडाला हळूच ठोकलं. डावीकडे निळं एक जाडजूड उठलं आणि जागीच बसलं. आईच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"शिरा," ती म्हणाली.

काकूने कमरेवर हात ठेवले. "मी कायले शिरा करीन व? तूच त म्हनतं गोये रायते."

मी तिचं बोलणं आईच्या कानात सांगितलं.

"यंदा नाही राह्यले," आई म्हणाली. "एक बी नाही. राह्यले असते त दिसले असते."

काकूने झाकण उघडलं. तुपाने चमकणारा, काठोकाठ थापून बसवलेला शिरा. अंगणात असा आरडाओरडा झाला की पलीकडच्या गल्लीतली माणसं डोकावून गेली. पोरींनी आईला घेरलं, प्रत्येकीला स्वतःची बांगडी, स्वतःची टिपरी, स्वतःचं नाक बोर्डावर वाजवून पाहायचं होतं. नवरा वायर सांभाळत "रांगेत या, रांगेत या" करत होता.

काकू ओसरीवर शिरा वाटायला घेऊन बसली होती. मी द्रोण पुढे करत गेले. मी विचारलं, "काकू, इतक्या वर्षांनी शिरा कसा काय?"

काकूने वर पाहिलं नाही. चमच्याने शिरा दाबत म्हणाली, "मले काय मालूम, तू दिवाई घेऊन येनार आहे. म्या म्हतलं, यंदा असा खाऊ करू का कोनालेच काही ऐकू येऊ नाही. तुही माय एकलीच काहून चुकीन? चुकलो त साऱ्या चुकू."

मी द्रोण घेऊन आईकडे गेले आणि तिच्या कानाशी वाकून हे सगळं सांगितलं, जितकं हळू सांगता येईल तितकं. म्हणजे निम्म्या अंगणाला ऐकू गेलं. काकू ओसरीवरून ओरडली, "गप बस व पोरी!"

आईने द्रोणातला शिरा बोटांनी चाचपून पाहिला, एक घास खाल्ला.

"मले पहिलेच समजलं होतं," ती म्हणाली. "बोर्ड काया पडला तव्हाच. इतकं गप कोनी उगीच नाही करत."

मग तिने द्रोण माझ्या हातात दिला, टिपऱ्या उचलल्या, आणि ओसरीवरच्या काकूला हाताने खूण करून आपल्या शेजारी जागा दाखवली.